खार, शेकरू आणि उडणारी खार : बेळगाव-खानापूर भागातून येणारे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-दोडामार्गापर्यंतची मंडळी खारींविषयी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवलेत. तीच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आत्ता या क्षणी तुमच्या हातात खारीचं पिल्लू असेल, तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न ९ वाचा.

१. आपल्या भागात खारी किती प्रकारच्या आहेत ओ?

ढोबळ मानाने तीन तऱ्हेच्या. पहिली दारातली पट्टेवाली खार. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, शेपटी जवळपास अंगाएवढीच लांब. दुसरं शेकरू, म्हणजे घाटातल्या उंच झाडांवरची मोठी, तांबूस-पिवळसर खार. वजन दीड-दोन किलो आणि झुबकेदार शेपटी अंगापेक्षा लांब. तिसरी उडणारी खार. ती रात्री फिरते, म्हणून वर्षानुवर्षं जंगलाशेजारी राहिलेल्या माणसांनीही ती पाहिलेली नसते.

पट्टेवाल्या खारीतही दोन जाती आहेत. गावात, शेतात, शहरात दिसते ती नेहमीची. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात तिची बहीण राहते, जंगली पट्टेवाली खार. तिचा रंग गडद असतो आणि पट्टे तितके उजळ नसतात. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाताना झाडीत दिसणारी खार अंगणातल्या खारीपेक्षा काळपट वाटली, तर डोळ्यांना भास झाला असं समजू नका.

२. आमची आजी 'चानी' म्हणते, शेजारच्या काकू 'अळिलु' म्हणतात. सगळं एकच का?

एकच. कोकणी आणि मालवणी बोलणारे पट्टेवाल्या खारीला चानी म्हणतात, आणि खानापूरच्या पश्चिमेला ही बोली घराघरांत आहे. कन्नडमध्ये अळिलु. शेकरूला कन्नडमध्ये केंदळिलु, म्हणजे तांबडी खार. उडणारीला हारुव अळिलु.

मला स्वतःला एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. मराठीत आपण 'खारीचा वाटा' म्हणतो आणि कन्नडमध्ये अगदी त्याच अर्थाने 'अळिलु सेवे' म्हणतात. आपल्याकडे वर्गणीच्या सभेत एकाच बाकावरची दोन माणसं हे दोन शब्द वापरतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळतं.

३. पट्टे तीन असतात की पाच? आणि रामाची बोटं उमटली ती कुठल्या खारीवर?

आपल्याकडे तीन. नीट बघायचं तर खार भिंतीवर उलटी, म्हणजे डोकं खाली करून चिकटलेली असताना बघा. गडद पाठीवर मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत गेलेल्या तीन फिकट रेघा स्पष्ट दिसतात. उत्तर भारतात प्रामुख्याने पाच पट्ट्यांची वेगळी जात आहे. तिच्या या तीन रेघांच्या खाली, दोन्ही कुशींवर आणखी एकेक फिकट रेघ असते. नागपूरकडच्या किंवा दिल्लीकडच्या पाहुण्यांशी या विषयावर वाद झाला, तर दोघंही बरोबर असू शकता.

सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने हात फिरवला, ही गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालो, आणि ती मुलांना जरूर सांगावी. शास्त्राच्या अंगाने एवढंच, की फांदीच्या सालीवर ऊन-सावलीच्या रेघा पडलेल्या असतात आणि तिथे रेघांची पाठ चटकन नजरेला येत नाही. वरून घिरट्या घालणाऱ्या शिक्र्यापासून वाचायला ते कामी येतं.

४. खार शेंगदाणे सोडून काय खाते? अंडी खाते म्हणतात ते खरं का?

खरं आहे. फळं, बिया, कोंब, फुलं हा मुख्य आहार, पण किडे, अळ्या आणि संधी मिळाली तर पाखरांची अंडीही ती खाते. तुमच्या कुंडीतल्या बुलबुलाच्या घरट्यातून अंडं गेलं, तर दरवेळी दोष मांजराचा नसतो.

फुलातला मध हा तिचा विशेष आवडीचा. सिल्व्हर ओकला केशरी फुलं आली की सकाळी झाडाखाली थांबून बघा. खार एकेक तुरा दोन्ही हातांत धरून चाटते आणि वर येते तेव्हा तिच्या मिशा, नाक पिवळ्या परागांनी माखलेलं असतं. तशीच ती पुढच्या झाडावर जाते, आणि जाता जाता परागही तिच्याबरोबर जातात. पांगारा आणि सावर फुलल्यावरही हेच चालतं.

शेकरूचा आहार जंगलातला : जांभूळ, फणस, आंबा, नाना झाडांच्या बिया, कोवळी पानं, फुलं, सालसुद्धा. ते मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लोंबतं, पुढच्या दोन्ही हातांत फळ धरून खातं, आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली शेपटी तराजूच्या वजनासारखी त्याला तोलून धरते.

५. शेकरू बघायचं तर कुठं जायचं?

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूचं जंगल आणि २०११ मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. दक्षिणेला दांडेलीच्या जंगलात आणि घाटाखाली तिलारीकडेही शेकरू आहे. अथणी, रायबाग, गोकाककडे शोधत बसू नका. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला धो धो पाऊस आणि अथणीला दुष्काळ अशी तऱ्हा आहे, आणि शेकरूला बारमाही हिरवी, एकमेकांना भिडलेली झाडं लागतात.

सकाळी उजाडल्यापासून नऊ-दहापर्यंत आणि मग ऊन उतरल्यावर ते हिंडतं. दुपारी एखाद्या फांदीवर पालथं पसरून पडतं. ते डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी शोधा : वरून कडकड असा खुळखुळ्यासारखा मोठा आवाज येतो, नाहीतर अर्धवट खाल्लेली फळं टपाटप खाली पडत असतात. हललात, की ते फांदीला चिकटून दगडासारखं थिजतं. तेव्हा आपणही न हलता उभं राहायचं. दहा मिनिटांत ते पुन्हा हालचाल सुरू करतं.

६. उंच झाडावर काटक्यांचा मोठा गोळा दिसला. कावळ्याचं घरटं की शेकरूचं?

कावळ्याचं घरटं वरून उघडं, वाडग्यासारखं. शेकरूचं गोल, झाकलेलं, काटक्यांसोबत हिरवी पानं गुंफलेलं, आणि बहुतेक वेळा बारीक फांद्यांच्या टोकाकडे. तिथे जड शिकारी पोचू शकत नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, काही झोपायला आणि एखादं पिल्लासाठी. म्हणून पाच घरटी दिसली म्हणजे पाच शेकरं आहेत असा हिशेब करू नका. पिल्लू बहुधा एकच असतं, क्वचित दोन.

७. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी ना? मग आमच्या खानापुरातलं शेकरू कुणाचं?

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. काही जण तावातावाने, काही मुलं अगदी मनापासून.

राज्यप्राणी म्हणून शेकरू महाराष्ट्राचं आहे, कर्नाटकाचा राज्यप्राणी हत्ती. पण शेकरू कधीच एका राज्यापुरतं नव्हतं. ते मध्य भारतात आहे, सह्याद्रीत केरळपर्यंत आहे, पूर्व घाटातही आहे. भीमगडचं जंगल गोव्याच्या म्हादई अभयारण्याला लागून आहे आणि तिथून चोर्ला, तिलारी करत महाराष्ट्रात शिरतं. कणकुंबीच्या वरच्या रानात ज्या फांदीवरून शेकरू चालतं, तिथे सीमेचा दगड नसतो.

त्याला खरी हद्द एकच कळते : एका झाडाचा शेंडा दुसऱ्याला लागतो की नाही. सहा मीटरपर्यंतची उडी ते मारतं. अंतर त्याहून वाढलं, की त्याच्या लेखी तिथे देश संपला. म्हणून मला सीमेपेक्षा रस्त्याची काळजी जास्त वाटते. बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोडमार्गे गोव्याला जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणात दुतर्फाची जुनी झाडं गेली, तेव्हा माणसाची सावली गेली आणि खारींचे पूल गेले. काही देशांत आणि भारतातही काही ठिकाणी अशा रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे दोरांचे पूल बांधतात. आपल्या घाटरस्त्यांवर ते व्हावेत असं मला फार वाटतं. (रस्त्यावर उतरलेल्या शेकरूबद्दल प्रश्न १७.)

८. खार रोज इन्व्हर्टरची वायर कुरतडालीय. काय तर उपाय सांगा की!

आधी ती का कुरतडते ते समजून घ्या, म्हणजे राग कमी होईल. खारीचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. त्यांना फक्त पुढच्या बाजूनेच कठीण, नारिंगी थर असतो. मागची बाजू मऊ असल्यामुळे लवकर झिजते आणि दात पटाशीसारखे धारदार राहतात. दात झिजवण्यासाठी तिला काहीतरी चावावंच लागतं. वायर ही फांदीएवढ्या जाडीची, म्हणून तोंडात बरोबर बसते.

उघड्या वायरी पत्र्याच्या किंवा जाड पीव्हीसी पाइपातून न्या. खिडकीच्या एसीमागची फट जाळीने बंद करा. झाडाची फांदी भिंतीला टेकली असेल तर तेवढीच छाटा, सगळं झाड नको. विषाच्या गोळ्या ठेवू नका. विष खाल्लेली खार घारीच्या, मांजराच्या पोटात जाते आणि तिथेही मारते.

फट बंद करण्याआधी आत घरटं नाही ना, हे जरूर बघा. आमच्या घरी एकदा मीटरपेटीच्या मागे घरटं निघालं. जुन्या गोधडीचा कापूस, नारळाचा काथ्या, एक लाल लोकरीचा धागा आणि कुठून तरी आणलेली पूजेची वात, हे सगळं गोल वळवून आत तीन उघडी पिल्लं. आम्ही पेटी तशीच ठेवून अंगणात जाऊन बसलो. अर्ध्या तासाने आई आली, एकेक पिल्लू तोंडात धरून कौलांवरून मागच्या आंब्यावर घेऊन गेली. तिसऱ्यानंतर चौथ्यांदा परत आली, घरट्यात तोंड घालून बघितलं आणि मगच गेली. पेटीमागची फट आम्ही दोन दिवसांनी बंद केली.

९. पिल्लू खाली पडलंय, आई दिसत नाही. दूध पाजू का?

नको. गाईचं, म्हशीचं दूध अजिबात नको. पोट बिघडतं. ड्रॉपरने तोंडात काही टाकू नका, थेट फुफ्फुसात जातं.

पहिलं काम ऊब. पिल्लू गार लागत असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून शेजारी ठेवा, अंगाला थेट लावू नका. मग उघड्या खोक्यात घालून ज्या झाडाखाली सापडलं त्याच झाडाला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांब जा. माणूस जवळ उभा असेल तर आई येत नाही, हीच चूक बहुतेकांकडून होते. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते हा समज सोडून द्या.

खार दिवसा हिंडते, म्हणून वाट दिवसाउजेडीच बघायची. संध्याकाळपर्यंत आई आली नाही, किंवा पिल्लाला जखम आहे, मुंग्या लागल्यात, मांजराने तोंडात धरलं होतं, तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि वनखात्याला कळवा. मांजराचा दात लागला की जखम बारीक दिसली तरी आत जंतू पसरतात.

१०. वाचवलेलं पिल्लू पाळलं तर चालेल का? मुलीला खूप लळा लागलाय.

लळा लागतो, मान्य आहे. पण खार हा रानटी जीव. मोठी झाली की चावते, पिंजऱ्यात फेऱ्या मारत राहते. शेकरू आणि उडणारी खार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. पट्टेवाल्या खारीचंही पिल्लू वनखात्याच्याच हवाली करा. मुलीला सांगा, खिडकीत पाण्याचं पसरट भांडं ठेवू या. मार्च-एप्रिलमध्ये त्याच खारी रोज येतील.

११. खार चावली. रेबीजची सुई घ्यावी का?

खार, उंदीर अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांकडून माणसाला रेबीज झाल्याचं जवळजवळ आढळत नाही. तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची सुई लागते का आणि बाकी काय करायचं, ते डॉक्टर ठरवतील.

१२. जंगलाकडेच्या वाडीत मेलेली खार किंवा माकड दिसलं तर?

हात लावू नका. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तो पहिल्यांदा १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यात सापडला आणि २०१६ पासून आपल्या शेजारी दोडामार्ग भागातही आढळला. तो गोचिडीमार्फत पसरतो. रानातले उंदीर, चिचुंद्र्या, खारी, माकडं यांच्या अंगावर त्या गोचिडी वाढतात. मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा. काजू गोळा करायला, लाकूड-पाला आणायला रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघावं. अंगणात, शहरात मेलेल्या खारीमुळे घाबरण्याचं कारण नाही. फावड्याने उचलून पुरून टाका.

१३. नारळाला भोक पाडून आतलं खाल्लंय. खारीनं की उंदरानं?

वेळ बघा. खार आणि शेकरू दिवसाचे, उंदीर रात्रीचा. संध्याकाळी चांगले असलेले शहाळे सकाळी भोक पडलेले दिसले, तर उंदरावर संशय घ्या.

खोडाला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळतात, तो उपाय चांगला. पण शेजारच्या झाडाची झावळी या झाडाला टेकली असेल तर पट्ट्याचा काही उपयोग नाही, कारण खार खालून चढतच नाही. हीच चूक मी खानापूरच्या बागेत अनेकदा पाहिली आहे : खाली चकचकीत पत्रा आणि वर झावळ्यांचा पूल. फळझाडांना जाळी लावायची तर पाखरं अडकणार नाहीत अशी, ताणून लावा.

१४. खार तासन्‌तास एकाच सुरात चिक्-चिक् का ओरडते?

बहुतेक वेळा मांजर, साप किंवा शिकारी पक्षी दिसलेला असतो. प्रत्येक 'चिक्'बरोबर शेपटीला झटका बसतो, तो बघा. शत्रू निघून गेल्यावरही ती बराच वेळ ओरडत राहते. कुठे बघून ओरडते तिकडे नजर टाका. अंगणातला नाग मला अशाच एका खारीने दाखवला होता.

१५. पावसाळ्यात खारी कुठं जातात? थंडीत झोपतात का?

थंड देशांतल्या काही खारी हिवाळाभर झोपतात, आपल्या नाही. बेळगावच्या डिसेंबरात त्या सकाळी थोड्या उशिरा बाहेर पडतात, एवढंच. झडीच्या दिवसांत घरट्यात शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसतात आणि उघडीप मिळाली की पटकन खाऊन येतात. जुलैत जांबोटीला जाऊन शेकरू दिसलं नाही, तर ते तिथे नाही असं समजू नका.

१६. उडणारी खार खरंच उडते का?

उडत नाही, तरंगत जाते. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये कातडीचा पडदा असतो. उंच झाडावरून उडी घेताना ती चारी पाय पसरते, पडदा ताणला जातो आणि पतंगासारखी ती तिरपी खाली सरकत दुसऱ्या झाडाच्या खोडावर उतरते. पुन्हा वर चढते, पुन्हा झेप. वटवाघळासारखे पंख मारून वर जाणं तिला जमत नाही. दिवसभर ढोलीत झोपते. म्हणून जुनी, पोकळ झाडं तोडली की तिचं घर जातं. गावच्या देवराईत अशी झाडं टिकली आहेत, कारण तिथे कुऱ्हाड लावायला माणूस धजत नाही.

१७. शेकरू रस्त्यावर उतरलेलं दिसलं. आजारी असेल का?

कदाचित नसेल. शेकरू जन्मभर झाडांवरच राहतं, पण शेंडे तुटले की पलीकडच्या फळांसाठी त्याला नाइलाजाने खाली यावं लागतं. जमिनीवर ते अवघडल्यासारखं उड्या मारत पळतं, झाडावरची सफाई तिथे दिसत नाही. कुत्रं आणि गाडी, दोन्हींचा धोका तिथेच. गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका, ओलांडू द्या. जखमी असेल तर वनखात्याला कळवा आणि स्वतः पकडू नका, चावा फार खोल जातो.

१८. आमच्या रानातलं शेकरू काळपट आहे, फोटोतलं तांबडं. आणि एकदा पांढरी खार पाहिली. हे काय?

शेकरूचा रंग ठिकाणाप्रमाणे बदलतो. कुठे अंग तांबूस आणि शेपटी फिकट, कुठे पाठीवर आणि शेपटीवर काळा रंग जास्त. पोट मात्र पिवळसर-पांढरं. पांढरी खार म्हणजे वेगळी जात नव्हे, जन्मतः रंगद्रव्य नसलेली किंवा कमी असलेली पट्टेवाली खारच. डोळे लाल-गुलाबी असतील तर रंगद्रव्य मुळीच नाही.

१९. खार आणि शेकरू यांचा संकर होतो का?

नाही. दोघंही खारींच्याच कुळातली, पण शाखा फार पूर्वी फुटलेल्या आहेत.

२०. लांब तोंडाची, पट्टे नसलेली, जमिनीवरच फिरणारी खार पाहिली. ही कुठली?

तुम्ही वृक्षचिचुंद्री पाहिली असेल. दिसते खारीसारखी, पण ती खार नाही आणि कुरतडणारा प्राणीही नाही. तोंड टोकदार, खाणं मुख्यतः किडे आणि फळं, वावर बराचसा जमिनीवर आणि खडकांत. द्वीपकल्पातल्या टेकड्यांवर ती आढळते. फोटो मिळाला तर नक्की पाठवा.

या प्राण्याच्या शास्त्रीय नावाला आपल्या मातीचा धागा आहे. 'एलिओटी' हे नाव त्याला वॉल्टर इलियट या स्कॉटिश अधिकाऱ्यावरून मिळालं. इलियट धारवाडला नोकरीत होता. १८२४ च्या कित्तूरच्या लढ्यात कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा राणी चन्नम्मांच्या सैन्याने इलियटलाही पकडून ठेवलं होतं. पुढे त्याची सुटका झाली. तो या भागात फिरत राहिला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्यात त्याने प्राण्यांची स्थानिक भाषांतली नावंही दिली होती.

२१. आमच्या गावात उडणाऱ्या खारीला वेगळंच नाव आहे. पाठवू का?

जरूर पाठवा, गावाचं नाव आणि कोणत्या बोलीतलं तेही लिहा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतली, धनगरवाड्यांवरची नावं मला विशेष हवी आहेत. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांनी ती खार शेवटची कुठल्या झाडावर पाहिली, तेही विचारून घ्या.